डावा तिचा, उजवा माझा

मंडळी, आज सकाळी यवतमाळात नात जुईचं स्केटिंग पाहायले गेलती. जोडीनं करायच्या नाचात ती अन् तिची जोडीदार सानिया सारख्या पडत होत्या. सर वैतागले, "आता ही जोडी तोडतो."

मी म्हटलं, "थांबा जी. पोरींनो, एकेकच स्केट घाला."

साठच्या दशकात नेर गावात मी अन् मेकॅनिकची पोरगी सकीना अशाच शिकलो. दोघींत स्केटचा एकच जोड. कापसाच्या जिनिंगच्या सिमेंटच्या ओट्यावर हात सुटला की दोघीही आपटायचो.

आज पोरींनी हात घट्ट धरला अन् न पडता पूर्ण चक्कर मारली.

जुईनं विचारलं, "आजी, मग दोन्ही घालून कधी शिकली?"

"कुठं शिकते! सकीना लग्न होऊन पुसदले गेली. जाताना डावा घेऊन गेली."

उजवा माझ्या कपाटात आहे. पुसदकरांनो, डावा कोणाच्या घरी दिसतो का?