आपण होऊन बाहेर

बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळी गावात कुणाचं पोरगं वाया चाललं की लोक सांगत, "बसवंतप्पा मास्तराकडं टाका, सुधारलं तर सुधारलं." जसं काही मास्तरांनी पोरं दुरुस्त करायचं दुकानच उघडलं होतं. मास्तर एका खाजगी शाळेतून पीटी शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून कबड्डी खेळले, उजवा गुडघा त्यातच गेला. रोज संध्याकाळी हमरस्त्यामागच्या पडीक रानात ते पंधरा-वीस पोरं घेऊन उभे राहत. रान चन्नबसप्पाचं, म्हणजे पंचायतीत ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही त्या माणसाचं. त्याचा मुलगा शिवराजही संघात होता, म्हणून ते खेळायला मिळालं होतं.

बाकीची पोरं रस्त्यावरची. धाब्यावर ताटं उचलणारी, पंक्चर काढणारी, आणि हैदराबादकडं जाणारी लॉरी उभी दिसली की टाकीत नळी घालून डिझेल ओढणारी. या शेवटच्या विद्येत पप्पू तरबेज होता. त्याची आई राजूबाई धाब्याजवळ भजी तळायची आणि पोराच्या तोंडाला डिझेलचा वास आला की झाऱ्यानंच बडवायची. मास्तरांच्या हाताखाली आल्यावर तो वास गेला. पोरगा शाळेत काही परत बसला नाही, पण गुटखा सुटला, शिव्या कमी झाल्या, आणि चढाईला गेला की गडी टिपूनच यायचा. राजूबाई मास्तरांना देव मानायला लागली.

मास्तरांचा एक नियम होता आणि त्यावर ते अडून बसत. अंगाला हात लागला की पंचाला दिसो न दिसो, गड्यानं आपण होऊन हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. "पंच चुकंल, तुमी चुकायचं न्हाई," ते म्हणत. "इथं खरं सांगायला शिकलास तर बाहेर कुणाच्या बापाला भ्यायची गरज न्हाई." बीदरहून कुठल्याशा संस्थेची माणसं आली, त्यांना हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते फलकावर लिहून रानाच्या तोंडाशी लावलं, पोरांबरोबर फोटो काढले, चुरमुऱ्यांचा सुसला खाल्ला आणि गेली. परत काही फिरकली नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात चार पोरांनी शेण खाल्लं. शिवराजला मोबाइल हवा होता, बापाकडं मागायची छाती नव्हती, आणि नळी चालवायला पप्पू लागत होता. संघाचा मोठा गडी बोलावतोय म्हटल्यावर पप्पू गेला. लॉरीवाल्याला जाग आली. पळणाऱ्यांची तोंडं त्याला दिसली नाहीत, पण अंगातल्या पिवळ्या बंड्या दिसल्या, आणि पिवळ्या बंड्या अख्ख्या गावात कुणाच्या हे शेंबडं पोरही सांगेल.

दुसऱ्या दिवशी ऐन सरावात जीप आली. फौजदार दोन-चार पोरांच्या मानगुटी धरून न्यायच्या बेतात होता. मास्तर आडवे आले.

"सायेब, मारून विचारायची गरज न्हाई. माझी पोरं हायत. आपण होऊन सांगतील."

त्या वेळी मास्तरांची छाती फुगली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांना वाटलं, सगळे हात वर येतील, फौजदार तोंडात बोट घालेल आणि दम देऊन सोडून देईल. माणूस चांगला असला म्हणजे शहाणा असतोच असं नाही.

"कोण व्हता तेनं हात वर करा," मास्तर म्हणाले.

पप्पूचा हात वर आला. एकट्याचा. शिवराज खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिला.

"आनि कोण?" फौजदारानं विचारलं.

"माझं मी सांगितलो सायेब. ज्याचं त्यानं सांगावं."

शिवराजचं तोंड बघून मास्तरांना सगळं कळलं होतं. ते बोलले नाहीत. नाव घेतलं तर रान जाईल आणि उरलेली पोरं पुन्हा लॉऱ्यांखाली शिरतील, असं त्यांनी मनाला सांगितलं. हे कारण खरं होतं. पण चन्नबसप्पाची भीतीही खरी होती, आणि ती आधी आली होती.

या भागात शाळेत घालताना निम्म्या गावाचा जन्म एक जूनला होतो. गुरुजी वर्षही अंदाजानंच लिहितात. त्या हिशेबानं पप्पू अठरा पूर्ण भरला, आणि बालसुधारगृहाऐवजी मोठ्यांच्या तुरुंगात गेला. हमरस्त्यावरच्या जुन्या चोऱ्याही त्याच्याच गळ्यात पडल्या. मामाच्या जामिनावर सुटून आला तोवर संघ तालुक्याची ढाल घेऊन आला होता. ढाल शिवराजच्या हातात होती.

एके दिवशी राजूबाई मैदानावर आली. भांडेल म्हणून मास्तर तयारीत होते. ती भांडली नाही.

"मास्तर, वकील म्हणायलाय, कोर्टात न्हाई म्हण. फौजदारापुढं बोललेलं कोर्टात धरत न्हाईत, लॉरीवाला कुटं गेला पत्ता न्हाई, सुटशील. ह्ये म्हणतंय, मी केलो तर न्हाई कसं म्हणू. माझं ऐकंना. तुमीच शिकवलाव, आता तुमीच मोडा."

मास्तर तिच्या घरी गेले. पप्पू भिंतीला टेकून बसला होता. त्यांना बघून उठून उभा राहिला, आणि मास्तरांना ते उठणंच सहन झालं नाही.

"जज्जसायेब विचारतील, गुन्हा कबूल हाय का. तू म्हणायचं, न्हाई."

"केलो की, सर."

"ठाव हाय मला. म्हण, न्हाई."

पप्पूचं तोंड उघडेना. उघडलं तर मान खाली जाई. मास्तरांनी हनुवटी धरून मान वर केली आणि पकड शिकवावी तसं पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. राजूबाई दारात पदर चावत उभी होती. हळूहळू आवाज बसला, नजर हलायची थांबली. पोरगा मुळातच लवकर शिकणारा.

"न्हाई, सायेब," तो स्वच्छ म्हणाला. मग मास्तरांकडं बघून त्यानं विचारलं, "म्हंजे शिवराजचंच बरोबर व्हतं का, सर?"

त्यात टोमणा नव्हता. खेळातली एखादी खोच विचारावी तसं त्यानं विचारलं होतं.

"व्हय," मास्तर म्हणाले. "आता आनि एकदा म्हण."