वेशीवरच्या म्हातारीचा आवाज

शेंगाचटणीचा वास आला की यंत्रमागाच्या शेडवरचा आमचा छोटा स्टुडिओ आठवतो. आम्ही तिघं मित्र तिथं एक कॉम्प्युटर गेम बनवत होतो. खेळणारा त्यात मुसाफिर होऊन निघाला, की वेशीवरची म्हातारी त्याला अडवायची, "जेवल्याबिगर कुटं निगालास? बस की हितं." तो आवाज खाली राहणाऱ्या मावशींचा होता. मोठ्या कंपनीनं स्टुडिओ विकत घेतला, त्या दिवशी त्यांचे साहेब म्हणाले, म्हातारी काढा, खेळणारा खोळंबतो. तेवढ्यात मावशी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन वर आल्या. "सायेब, जेवून जावा की." साहेब जेवले, चटणी पुन्हा मागून घेतली, आणि हात पुसत म्हणाले, तरी काढाच. यंदा मावशी गेल्या. आईचा आवाज मागायला लेक आली. सगळं रेकॉर्डिंग कंपनीच्या ताब्यात, मला एवढंच म्हणता आलं, "जेवून जा की."