भांडाऱ्याची खोली

"हात दाखव," असं तो म्हणायचा. दाखवले की नाकाशी नेऊन हुंगायचा. तंबाखूचा किंवा तेलाचा वास आला की पोथी मिळत नसे, मग समोर मोठा शास्त्री असो की आमच्यासारखा नकलनवीस. वर ऐकवायचा, "पोथी गेली की गेली. तू काय, दुसरा मिळेल." तुम्हीही कामाच्या ठिकाणी असा एखादा खाष्ट माणूस सोसला असेल, म्हणून मोकळेपणी सांगतो, मला तो म्हातारा कधीच आवडला नाही.

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या पाठशाळेत तो पोथ्यांचा भांडारी होता. भांडाराला लागूनच त्याची खोली. बायको गेल्यावर त्याने नेम धरला होता की काशीची वेस ओलांडायची नाही आणि मरायचं ते याच खोलीत. रामनगरला सख्खा भाचा होता, पण त्याच्या लग्नालाही हा नदीपार गेला नाही. पलीकडच्या तीरावर मेलेला गाढवाच्या जन्माला जातो, असं काशीत म्हणतात. आम्ही त्यावरून त्याची टिंगल करायचो. तो म्हणायचा, "तुम्हाला त्यासाठी मरायचीही गरज नाही."

पाठशाळा चालवणारे जुने गुरुजी वारले आणि पुण्याहून नवे व्यवस्थापक आले. कोट, पगडी, खिशात घड्याळ. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर कागद लागला, विचारल्याशिवाय कोणी बोलू नये. कोण उशिरा येतो ते सांगणाऱ्याला खिडकीजवळची उजेडाची जागा मिळू लागली. महिन्याभरात आम्ही चौघे नकलनवीस एकमेकांना पाण्यात पाहू लागलो. म्हातारा मात्र व्यवस्थापकांनाही "हात दाखवा" म्हणाला. त्यांनी ते तेव्हा गिळलं, पण विसरले नाहीत.

पावसाळा सरला की पोथ्यांना ऊन द्यायचं असतं. पोथीची पानं सुटी, म्हणून म्हातारा एका वेळी चारच पोथ्या काढी, त्याही बंद चौकात, प्रत्येकीवर लाकडी फळी ठेवून. हे काम महिनाभर चाले. त्या साली इंग्रज साहेब भांडार पाहायला यायचा होता. व्यवस्थापकांनी सगळ्या पोथ्या एकाच दिवशी गच्चीवर मांडायला लावल्या, आणि ऊन नीट लागावं म्हणून फळ्याही काढायला लावल्या. म्हातारा काही सांगू लागला तर त्यांनी त्याला भिंतीवरच्या कागदाची आठवण करून दिली. तो कोपऱ्यात जाऊन बसला.

दुपारी गंगेवरून वारा सुटला. पानं गल्लीत गेली, घाटाच्या पायऱ्यांवर गेली, पाण्यात गेली. मल्लाहांनी नावा घालून काही भिजकी पानं काढून दिली. म्हातारा गुडघे टेकून पानं वेचत होता आणि आम्हाला शिव्या घालत होता. मी वेचलेलं पानही त्याने माझ्या हातातून हिसकावून घेतलं.

संध्याकाळी व्यवस्थापकांनी जबाब सांगितला आणि मी तो लिहिला, की भांडाऱ्याने हलगर्जीपणे फळ्या ठेवल्या नाहीत. चौघांनी सह्या केल्या. बायकापोरांचं कारण आम्ही नंतर शोधलं. सही करताना मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

आठ दिवसांत खोली सोडायचा हुकूम झाला. सातव्या दिवशी म्हातारा माझ्या बैठकीपाशी आला आणि उभाच राहिला.

"नोकरी गेली ती गेली. खोलीचं तेवढं बोलशील त्यांच्याशी?"

"विचारतो," मी म्हणालो.

विचारलं नाही. भीती होती, आणि त्याच्यावरचा रागही गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी भाचा येऊन त्याला नावेतून पलीकडे घेऊन गेला. जाताना त्याने घाटाकडे पाठ केली नाही, नावेत उलटं तोंड करून बसला होता.

माघात भाच्याने त्याचं प्रेत जाळायला काशीत आणलं. आम्ही चौघे मणिकर्णिकेवर गेलो. त्याला मरून पुरता दिवसही झाला नव्हता, आणि चेहरा नेहमीसारखाच रागीट होता. मला रडू आलं, त्याची मलाच लाज वाटली. भाचा जन्मापासून तिकडचाच, त्याच्या मराठीत निम्मी हिंदी. तो म्हणाला, "मामा रोज किनाऱ्यावर जाऊन बसत होते. बोलायचे, पाठशाळेतून कोणी ना कोणी येईल न्यायला. मी बोललो, मामा, कोई नहीं आएगा. तर माझ्यावरच रागवायचे."

रामनगरची नाव आमच्या घाटावरून रोज सकाळी सुटायची. मी एकदाही तिच्यात बसलो नाही.