कानिफमामांचा मेनू

गावाचं नाव सांगत नाही. पंचक्रोशीत आधीच पुरेशी शोभा झालीय. पारनेरपासून अकरा किलोमीटर, नळाला चौथ्या दिवशी पाणी, एवढ्यावर भागवा. मी, तुषार, तिथल्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. म्हणजे दाखले काढून देणारा आणि प्रिंटर अडकला की त्याला शिव्या घालणारा. पण तीन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं आणि माझे पाय जमिनीवरून सुटले ते सुटलेच. आधीची सिस्टीम दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधला व्हायरस घेऊन आडवी व्हायची. लिनक्स आडवं होत नाही, हे मी चहाच्या टपरीवर इतक्यांदा सांगितलं, की मी येताना दिसलो की लोक अर्धा कप टाकून उठायला लागले.

असो. ही गोष्ट माझी नाही, कानिफनाथमामांची आहे. मी मधे मधे येतो तो फक्त माती खायला.

मामा आमच्या पंचायतीचे शिपाई. एकतीस वर्षं झाली. नोटिसा वाटायच्या, गटारीत पावडर मारायची, ग्रामसभेला सतरंज्या टाकायच्या, सगळं तेच करतात. पण गाव त्यांना ओळखायचं आवाजावरून. ऑफिसच्या छतावर चार दिशांना चार भोंगे आहेत. पाणी सुटणार असो, रेशन आलेलं असो, कुणाची शेळी चुकलेली असो नाहीतर कुणी गेलेलं असो, गावाला सांगणार मामाच. घरोघरी मोबाईल आले, ग्रुप निघाले, तरी बायकांचा एक कान भोंग्याकडे. आणि निधनाची बातमी तर मामांनीच द्यावी. मयताशी ज्याचं दहा वर्षं बोलणं नाही, तो गडीसुद्धा चपला शोधायला लागायचा.

माणूस आवाजाच्या बाबतीत भलताच गर्विष्ठ. माईकला दुसऱ्या कुणी हात लावला तर तो उपरण्यानं पुसून घेणार. चष्मा होता, पण घरी देवळीत. "आवाजाला चष्मा लागत न्हाई," म्हणायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जिवाला धोका नाही, पण ऑपरेशननंतर आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही. मामा दवाखान्यातून घरी न जाता थेट ऑफिसात आले. आमच्या सरपंच रुपालीताई तिथंच होत्या. बाई मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही काळजी करू नका. सूचना आपण ग्रुपवर टाकत जाऊ. भोंगे उतरवून ठेवू."

त्यांनी मायेनं सांगितलं, मामांनी ऐकलं भलतंच. त्या गेल्यावर मला म्हणाले, "आठ महिनं ऱ्हायलेत रिटायरला. भोंगं उतरवलं तर मी कशाला येऊ इथं? गटारी हुंगायला?" आणि पहिल्यांदाच मी त्या माणसाचे डोळे भरलेले पाहिले.

मला लई वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मला कॉम्प्युटरच सुचतो, हा माझा आजार. मी म्हणालो, "मामा, तुमचा आवाज आत्ताच भरून ठेवू. मी तुम्हाला एक मेनू करून देतो. क्लिक केलं की तुमच्याच आवाजात बातमी भोंग्यावर."

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात आम्ही पंखा बंद करून, दार लावून सहा सूचना भरल्या. ग्रामसभा, पाणी, रेशन, लसीकरण, काही हरवलं तर ती, आणि निधन. पाच झाल्या झरझर. सहाव्याला मामा अडले. "नाव कुनाचं घेऊ?"

"कुणाचंही घ्या, नंतर बदलू."

"अरे येड्या, जित्त्या मानसाचं नाव घिऊन मेला म्हनू व्हय?"

शेवटी ठरलं की नाव घ्यायचंच नाही. 'आपल्या गावातील एका जुन्या माणसाचे दुःखद निधन झाले आहे, तरी सर्वांनी जमावे,' एवढं मामा म्हणणार, आणि मागून नाव नि वेळ मी माईकवर सांगणार. मामांनी ते असं म्हटलं की मलाच कुणीतरी गेल्यासारखं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज मात्र गेला. म्हणजे पार नाही गेला. घशातून कागद फाडल्यासारखा काहीतरी यायचा. मामांनी तो कुणाला ऐकूच दिला नाही. बोट वर, मान खाली, दोन हात जोडून, असा सगळा कारभार. माईकसमोर बसवलं तर डोळे वटारले. दाखल्याच्या कोऱ्या कागदामागे लिहून दिलं, 'लोक हसतील.'

मग मी मेनू करायला बसलो. लिनक्समध्ये हे करायला अर्धा तास लागतो. मला अकरा दिवस लागले. नेहमीच्या मेनूत पन्नास गोष्टी, त्या सगळ्या झाकल्या. 'कानिफमामा' नावाचा स्वतंत्र कप्पा केला, तो उघडला की सहा नोंदी खालोखाल. हे झालं पहिल्या दिवशी. पुढचे दहा दिवस चित्रं काढण्यात गेले. पाण्याला नळ, रेशनला पोतं, लसीकरणाला सुई. निधनाला काय लावावं यावर मी दीड दिवस विचार केला आणि झेंडूचं फूल लावलं. मग वाटलं, झेंडू लग्नातही असतो, म्हणून तो जरा कोमेजवला. घरी पूजा, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "मुलीच्या बारशाला पाळणा सजवायला तुम्हाला वेळ नव्हता."

मामांना दाखवलं. त्यांनी नळाकडे बघितलं नाही, पोत्याकडे बघितलं नाही. चष्मा घरी. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि वरून मोजलं, एक, दोन, तीन, आणि भुवया उडवून माझ्याकडे बघितलं. वरून तिसरं पाणी ना?

"व्हय मामा, वरून तिसरं."

हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे, हे ध्यानात असू द्या.

तीन आठवडे मेनू झकास चालला. पाण्याच्या दिवशी सकाळी सात वाजता मामा किल्ली घेऊन येणार, कॉम्प्युटर लावणार, वरून तिसरं दाबणार आणि गावाला जुना, खणखणीत आवाज ऐकू येणार. रुपालीताईंनी भोंगे उतरवायचा विषय काढला नाही. मी टपरीवर ताठ मानेनं जाऊ लागलो. लोक विचारायचे तेव्हा 'काही नाही हो, छोटंसं काम,' असं इतक्या जोरात म्हणायचो की पलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जावं.

मग आलं आधार कार्डाचं शिबिर. मी मामांच्या आवाजाचे तुकडे जोडून त्याची सूचना बनवली, आणि बुधवारी दुपारी मेनूत सातवी नोंद घातली. आधार. चित्र म्हणून अंगठा. पाच मिनिटांत काम झालं आणि मी खूश होऊन घरी गेलो.

आता ज्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्यांना कळतं ते केव्हाच हसायला लागले असतील. मेनूतल्या नोंदी कॉम्प्युटर आपणहून अ, आ, इ, ई अशा क्रमानं लावतो. क्रम पक्का करायचा तर फाईलमध्ये चार ओळी वेगळ्या लिहाव्या लागतात. मला ते माहीत होतं. कोमेजलेल्या झेंडूपायी दीड दिवस घालवणाऱ्या या शहाण्यानं त्या चार ओळी लिहिल्या नाहीत. 'आधार' गेलं सगळ्यात वर. बाकी सगळे एकेक पायरी खाली सरकले. पाणी गेलं चौथं, आणि वरून तिसऱ्या जागी आलं त्याच्या वरचं निधन.

गुरुवारी पाण्याची पाळी होती. सव्वासातला मी मोरीत दात घासत होतो. भोंगा वाजला. 'आपल्या गावातील एका जुन्या माणसाचे दुःखद निधन झाले आहे...'

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला, आवाज काय स्वच्छ लागलाय! दुसरा विचार यायच्या आत पूजा पदराला हात पुसत बाहेर आली. "कोण गेलं हो?"

तेवढ्यात भोंगा पुन्हा वाजला. तेच. मामा घाबरले होते, चुकलं म्हणून त्यांनी पुन्हा नीट मोजलं होतं, आणि पुन्हा वरून तिसरंच दाबलं होतं. मग खट्ट झालं आणि चारही भोंगे गप्प झाले.

मी तोंडात फेस घेऊन पळालो. रस्त्यावर सगळं गाव. प्रत्येकजण आपापल्या म्हाताऱ्याला हलवून बाहेर आलेला. सत्तरीतले रंगनाथअण्णा ओट्यावर उभे राहून ओरडत होते, "मला काय बघताय? मी हाय! पुढं जा!" आणि गर्दी पुढे जात होती, मामांच्या घराकडे. मी एकाला धरून विचारलं, "तिकडं कशाला?"

तो म्हणाला, "नाव का नाही सांगितलं? नाव सांगनाराच गेला म्हनून. कानिफनाथ गेला, तुषार. घशाचं दुखनं, कळत न्हाई व्हय तुला?"

मीही गर्दीबरोबर पळत सुटलो.

घरासमोर बायकांनी राहीमामींना मिठ्या मारून हंबरडा फोडला होता, आणि मामी हातात दुधाची चरवी धरून म्हणत होत्या, "अवं आत्ता तर च्या पिऊन गेलं! सोडा मला!" असं म्हटल्यावर लोकांना आणखी खात्री पटली. ऑफिसातच काहीतरी झालं. सगळा लोंढा ऑफिसकडे. ऑफिसचं दार आतून बंद. मामांनी वायर उपटून, कडी लावून, स्वतःला कोंडून घेतलं होतं. हाका मारल्या तर ओ नाही. ओ देण्याचं सोडलंच होतं ना त्यांनी.

मी मागच्या खिडकीकडे गेलो. आत मामा खुर्चीवर बसलेले, दोन्ही हात डोक्याला. जिवंत. मला बघून त्यांनी पडद्याकडे बोट केलं आणि तीन बोटं वर केली.

"मामा, तुमची चूक नाही," मी गजांना धरून म्हणालो. "मी कालच वर एक नवीन घातलं, सगळं खाली सरकलं. तुम्हाला सांगितलं नाही. गाढव मी आहे."

मामांनी ऐकलं नाही. ते दाराबाहेरचं ऐकत होते. बाहेर आदिनाथ टेलर कुणालातरी सांगत होता, "माझा बाप गेला तवा ह्यानंच बातमी दिली. नाव घेताना ह्याचाच आवाज फुटला. आमच्या भावकीतलं कुनी तेवढं रडलं न्हाई." एक बाई म्हणाली, "माझी पोरगी जत्रंत चुकली हुती. ह्यो मानूस तासभर माईक सोडीना." रुपालीताईही आल्या होत्या, त्यांचा रडवेला आवाज आला, "मी भोंगे काढायचं बोलायला नको होतं हो."

मामा उठले. वाटलं, दार उघडतील. त्यांनी वायर जोडली. माईक हातात घेतला, उपरण्यानं पुसला. मी खिडकीतून म्हणालो, "मामा, थांबा, मी लावून देतो." त्यांनी हातानं मला गप्प केलं.

"हालो," चारही भोंग्यांतून कागद फाटला. "कानिफनाथ बोलतोय. कुनीबी गेलं न्हाई. मी बी न्हाई." मोठा खोकला आला. सगळं गाव थांबलं. "पानी सुटलंय. हंडं भरून घ्या. आन् आदिनाथनं हार आनलेला दिसतोय दाराच्या फटीतनं, तो मारुतीला घालावा."

कुणी हसलं नाही. मग आदिनाथ स्वतःच हसला, मग सगळेच, पण ते हसणं मामांना नव्हतं. राहीमामी दारावर थाप मारत ओरडल्या, "बोलता येतंय की! महिनाभर मला नुसत्या हातवाऱ्यावर ठिवलं व्हय?"

गर्दी पाण्याला पांगली. मामांनी दार उघडलं, मी आत गेलो. मी मान खाली घालून म्हणालो, "क्रम आत्ता पक्का करतो मामा. परत असं व्हायचं नाही."

"नगं," मामा त्या फाटक्या आवाजात म्हणाले. "पुसून टाक समदं."

"अहो, तुमचा आवाज आहे तो. पुन्हा मिळायचा नाही."

"गेला तो. त्याचीच तर बातमी दिलीस तू सकाळी. दोनदा."

मी एकेक नोंद काढायला लागलो. अंगठा गेला, झेंडू गेला, पोतं गेलं. मामा खुर्चीमागे उभे होते. शेवटी नळ राहिला.

"थांब," म्हणाले. "भोंगं बंद कर, आन् येकदा लाव."

मी लावलं. तो जुना आवाज त्या रिकाम्या ऑफिसात वरच्या आळीला साडेसात आणि खालच्या आळीला आठ वाजता पाणी सोडून गेला. मामांनी टोपी काढून पुरं ऐकलं.

"बरा हुता," म्हणाले.

मग मी तेही पुसलं.