ग्वाक ते-शिकची विशेषणे

ग्वाक ते-शिक बुप्योंगच्या एका कारखान्यात वेल्डिंग करीत असे आणि संध्याकाळी माझ्या खाणावळीत जेवत असे. मुलगी हा-रिन दुसरीत असताना बायको तिला शिक्षणासाठी ब्रिस्बेनला घेऊन गेली. आता मुलगी माध्यमिक शाळेत होती, आणि मधल्या काळात त्याने तिला फोनच्या पडद्यावरच पाहिले होते. आमच्या कोरियात असे बाप पुष्कळ आहेत. लोक त्यांना रानहंस म्हणतात. ते इथे राबतात आणि मिळवलेले तिकडे पाठवतात.

ते-शिकला तिकडे कायमचे जायचे होते. त्यासाठी तिथल्या नियमाप्रमाणे पंचेचाळिशी पूर्ण होण्याआधी इंग्रजीच्या परीक्षेत वरचे गुण मिळवणे भाग होते. मी त्या वर्षी प्रौढांच्या वर्गाला जात असे. एका टेबलावर मी आमचीच अक्षरे गिरवीत असे आणि समोर तो अवघड विशेषणे पाठ करीत असे.

"मावशी, 'इनडिफॅटिगेबल' म्हणजे न थकणारी."

"मग सरळ न थकणारी म्हण की! जिभेला गाठी कशाला मारतोस?"

"साध्या शब्दांना गुण नाहीत, मावशी. 'गुड' म्हणालात तर घरीच बसा, असं शिकवणीत सांगितलंय."

शिकवणीने उत्तरेही तयार करून दिली होती. कुटुंबातील व्यक्तीचे वर्णन करा, या प्रश्नाच्या उत्तरात नावाची जागा तेवढी रिकामी होती. तिथे त्याने मुलीचे नाव घातले.

परीक्षेहून आला तो कोट न काढताच बसला.

"प्रश्न तोच आला, मावशी."

"मग काय, जिंकलास!"

"सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, मुलगी कनवाळू आहे म्हणता, तर अलीकडे तिनं काय केलं ते सांगा."

"मग?"

"मला काहीच माहीत नव्हतं."

"अरे, थाप मारायचीस! मांजराला दूध पाजलं म्हणायचंस. तिथं कोण बघायला जाणार होतं?"

"तिला मांजर आवडतं का, तेसुद्धा ठाऊक नाही."

बोलण्याच्या भागात तो नापास झाला. वाढदिवसाआधी आणखी एकदा बसता येणार होते. त्याने माझ्यासमोरच स्पीकरवर बायकोला फोन लावला.

"हा-रिन दिवसभर काय करते ते जरा सांग ना. परीक्षेला हवंय."

"परीक्षेला? म्हणजे तेही पाठ करणार?" ती म्हणाली. "इथंच आहे ती. तूच विचार."

मुलगी फोनवर आली. त्याने आमच्या भाषेत विचारले. ती इंग्रजीत भराभर बरेच काही सांगत राहिली. तो "हो, हो" म्हणत राहिला. शेवटी तिनेच फोन ठेवला.

"काय म्हणाली रे?" मी विचारले.

"कळलं नाही, मावशी. सगळे लहान लहान शब्द होते."

त्याने पुन्हा अर्ज भरला नाही. पंचेचाळिसाव्या वाढदिवशी सकाळी मी रीतीप्रमाणे त्याला समुद्री शेवाळाचे सूप करून दिले. त्याने ते संपवले आणि तो कामावर गेला.