दगडापाशी ठेवलेली शेंगापोळी

बाईंनीच सांगितलं, लिहून काढ. म्हणाल्या, "सगळं ताजं आहे तोवर लिही. अक्षर वाईट आलं तरी चालेल." अक्षर माझं तसंही वाईटच. आठवी अर्ध्यात टाकून शाळा सोडलेला माणूस मी. बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. मी शाळा सोडली तेव्हा त्या दोनदा आमच्या वस्तीवर आल्या होत्या, मंद्रूपच्या पुढं, मातीच्या रस्त्यानं स्कूटर घेऊन. वडलांनी ऐकलं नाही. पुढं लायसनचा फॉर्म बाईंनीच भरला, पहिल्या गाडीमालकाकडं माझ्यासाठी शब्दही त्यांनीच टाकला. आज माझं घर चालतंय ते त्यांच्यामुळं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या हातून त्यांच्याच बाबतीत झालं.

बाई आता रिटायर होऊन जुळे सोलापुरात एकट्या राहतात. सरांना, म्हणजे त्यांच्या मालकांना, पक्षी बघायचा नाद होता. सर गेले, दुर्बीण राहिली. तिकडं कर्नाटकात, सोलापूरपासून सात-आठ तासांवर, नुसत्या दगडांचे डोंगर आहेत. सरांचं तिथं जायचं राहून गेलं होतं. बाई म्हणाल्या, आपण जाऊ. तारीख निघाली ती नेमकी वेळ अमावस्येची, आमच्या शेताच्या सणाची. बाईंना नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्याकडं त्या दिवशी अख्खं घर शेतात जेवतं, आणि स्वतः जेवायच्या आधी रानाला वाढतं. बाजरीचे उकडलेले उंडे, भाज्यांची भज्जी, गूळ-दाण्यांची गोड शेंगापोळी, सगळं कुस्करून आंबिलीत कालवायचं आणि बांधाच्या कडेनं शिंपडत फिरायचं. याला आम्ही चरग म्हणतो. जन्मापासून एकही वेळ अमावस्या मी शेताबाहेर काढली नव्हती. आदल्या दिवशी निघताना बायकोनं डबे भरून गाडीत ठेवले, आंबिलीचा लोटा फडक्यानं बांधून दिला. "कुटं बी असा, चरग टाकल्याबिगर जेवू नगा," एवढंच बोलली.

मी मुळातच भित्रा. हँडब्रेक लावला का ते बघायला दोनदा परत जाणारा. त्यात तो मुलूख. वळणावळणाला दगडावर दगड, कुणी रचून विसरून गेल्यासारखे. डोंगराच्या पायथ्याला एका म्हाताऱ्याच्या शेतात दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, बाईंना कन्नड येत नव्हतं. मला दोन्ही येतं, म्हणून मधे मी.

म्हाताऱ्यानं पहिल्यांदा सांगितलं ते करडीचं. करडी म्हणजे अस्वल. संध्याकाळ झाली की डोंगरातून खाली उतरतं, नाक फार तिखट, गोडाचं वेडं. "गोड काही बाहेर टाकायचं नाही. उष्टं-खरकटंसुद्धा डब्यात बंद." मी मान डोलावली आणि बाईंना मराठीत सांगितलं, "बाई, गोड काय बाहेर टाकायचं न्हाय म्हणतेत. अस्वलं येतेत."

"बरं झालं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "माझ्या पर्समध्ये चिक्की आहे, ती आत ठेव."

चिक्की मी स्वतः आत ठेवली. डब्यात, डब्याला झाकण, वर खोलीला कडी.

आणि दुपारी चरग टाकला.

आता कुणालाही वाटेल, हा माणूस वेडा आहे का. पण खरं सांगतो, माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की मी गोड बाहेर टाकतोय. टाकणं म्हणजे उकिरड्यावर टाकणं. चरग हे रानाला वाढणं. ह्या दोन गोष्टी माझ्या मनात कधी एका जागी आल्याच नाहीत. म्हातारा बैलांना पाणी पाजायला गेला होता. बाई दारात उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या. म्हणाल्या, "आजच्या दिवस हेच तुझं शेत समज." त्यांनाही तसंच वाटलं असणार.

खोल्यांच्या भोवती शिंपडलं. तिथून खाली एक पायवाट जाते, तिच्या टोकाला बसायला सपाट दगड. सकाळीच बाईंनी तो दगड बघून ठेवला होता, संध्याकाळी तिथं बसून पक्षी बघायचे म्हणून. त्या वाटेनंही शिंपडत गेलो. मनात म्हटलं, परका मुलूख आहे, बाईंना सांभाळ.

उन्हं उतरल्यावर बाई दगडावर जाऊन बसल्या. डोळ्याला दुर्बीण, तोंड दरीकडं, पाठ वाटेकडं. मी वर बसून लोटा घासत होतो.

आधी आवाज आला. विहिरीतलं पाणी संपत आल्यावर मोटर हवा ओढते ना, फुर्रर्र, भक्, फुर्रर्र, अगदी तसा. मला वाटलं म्हाताऱ्यानं मोटर चालू केली. मान वर केली तर वाटेवर काळं काहीतरी होतं. पाठीवर आणखी दोन काळी. आई होती, पाठीवर पिल्लं. तोंड मातीला लावून ती एकेक तुकडा ओढून घेत होती आणि पुढं सरकत होती. मी शिंपडलं होतं त्याच वाटेनं. बाईंकडं.

मी उठलो. पळणारच होतो, खाली का वर ते आजही सांगता येत नाही. मागून म्हाताऱ्याचा हात खांद्यावर बसला. "ओडब्याड," तो पुटपुटला. पळू नको. "बाईला सांग. हळू सांग. ओरडलास तर ती दचकेल आणि करडीपण दचकेल."

लोटा हातात तसाच धरून मी हळूच म्हणालो, "बाई."

"अरे, हळू. समोर घुबड बसलंय."

"बाई, मागं बघू नका. हलू नका."

बाईंची पाठ ताठ झाली. दुर्बीण तशीच डोळ्याला. "काय आहे?"

"अस्वल हाय. पिल्लं हायत."

बाई वर्गात विचारायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "किती लांब? नीट सांग."

मला मीटर-फूट काही सुचेना. "तुमी फळ्याजवळ. ते शेवटच्या बाकावर."

"तुझ्या बाकावर?"

"व्हय."

फुर्रर्र, भक्. एक पिल्लू पाठीवरून घसरलं आणि आईच्या पुढं पळालं.

"आता?"

"मधल्या बाकावर. पिल्लू पुढं आलंय, बाई."

"बोलत राहा," बाई म्हणाल्या. "थांबू नकोस."

काय बोललो ते मला आठवत नाही. बाई नंतर म्हणाल्या, तू पाढे म्हणत होतास, चौदाचा, आणि चुकत होतास. म्हातारा वाट सोडून बाजूबाजूनं खाली उतरत होता, काठी जमिनीला न लावता. पिल्लू बाईंच्या चपलेपाशी आलं. बाईंनी चपला काढून शेजारी ठेवल्या होत्या. त्यानं चप्पल हुंगली आणि बारीक चिरक्या आवाजात ओरडलं.

तेवढ्यावर आई दोन पायांवर उभी राहिली. छातीवर पांढरा पट्टा, नखं माझ्या बोटांएवढी. तोंडातून असा आवाज काढला की माझ्या हातातला लोटा वाजला असं मला वाटलं. मग ती धावली. दगडापासून दोन हातांवर थांबली, माती उडाली, बाईंच्या पांढऱ्या केसांवर पडली. बाई हलल्या नाहीत.

म्हाताऱ्यानं काठी दगडावर हाणली. एकदाच, आणि जाड आवाजात काहीतरी बोलला, घरातल्या माणसाला दटावतात तसं. तिनं मान वळवली. पिल्लू उलटं पळत येऊन तिच्या पाठीवर चढलं, आणि ती तिघं दगडांमधे गेली. मी बघत होतो तरी कुठून गेली ते दिसलं नाही.

बाईंना वर आणलं. त्यांची बोटं दुर्बिणीवरून सुटत नव्हती, म्हाताऱ्यानं एकेक करून सोडवली. माझ्या हातातून लोटा सुटत नव्हता, तो कुणी सोडवला नाही.

म्हातारा परत वाटेवर गेला. वाकला, एक तुकडा उचलून हुंगला आणि माझ्याकडं बघून विचारलं.

"काय म्हणतायत?" बाई म्हणाल्या.

दोन्ही भाषा येणारा तिथं मीच एकटा. काहीही सांगितलं असतं तर खपलं असतं. तोंडात आलंही होतं, 'नशिबानं वाचलात म्हणतेत' म्हणून.

"विचारतेत, हे कुणी टाकलं."

"मग सांग त्यांना."

"मी, बाई. मी टाकलं."

बाईंनी केसांवरची माती झटकली. मग म्हणाल्या, "मी दारात उभी होते. तेही सांग." मी ते सांगितलं नाही. म्हाताऱ्याला एवढंच बोललो की माझं चुकलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं फक्त माझ्या हातातल्या लोट्याकडं बोट केलं. गोळा कर. उजेड आहे तोवर सगळं गोळा कर, नाहीतर पहाटे ती परत येईल.

रानाला वाढलेलं परत उचलायचं हे आमच्यात कुणी ऐकलेलंसुद्धा नाही. मी गुडघ्यावर बसून उचलत गेलो. उंड्याचे तुकडे, पोळीचा चुरा, आंबिलीनं भिजलेली मातीसुद्धा. काही तुकडे ओले होते, लाळेनं. म्हातारा काठी घेऊन माझ्या पाठीशी उभा.

शेवटी दगडापाशी पोचलो आणि तिथं मला आठवलं. दगडाला खालून एक कपार आहे. दुपारी सगळं शिंपडून झाल्यावर एक अख्खी शेंगापोळी मी वेगळी काढली होती, बाईंच्या नावानं, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून आत सरकवून ठेवली होती. हात घातला. पोळी होती तशीच होती, घडी करून ठेवलेली. बाई तिच्यावर बसल्या होत्या.

फोन वाजला. बायको होती. विचारत होती, चरग टाकला का?

"टाकला," मी म्हणालो, आणि पोळी लोट्यात घातली.