घागरीचं तोंड

चित्र पुरं झालं की पेंटर ते आधी उलटं करायचे. डोळे बारीक करून बघायचे आणि मग कागद माझ्यापुढं सरकवायचे. "सांगा मुन्शीजी, कुठं झुकलं?"

सुलटं चित्र फसवतं, असं त्यांचं म्हणणं. "सुलट्यात आपुन वस्तू बघतो. उलट्यात रेघ दिसती."

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव कागदावर उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव. मी एका वकिलांकडं अर्ज लिहिणारा मुन्शी. पेंटर येडशीकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पाट्या उर्दूत आणि पेंटरांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. मी मजकूर लिहून द्यायचो, ते त्याचं चित्र काढायचे. एकदा एका कापडवाल्यानं आपली पाटी उलटी ठेवलेली बघितली आणि आरडाओरडा सुरू केला. पेंटर शांतपणे म्हणाले, "शेटजी, वाचू नका. नुसतं बघा." शेटजींनी खरंच बघितलं, आणि एक अक्षर बुटकं राहिलंय ते त्यांनाच सापडलं!

जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, कचेऱ्या बंद असायच्या. त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या खोलीमागच्या कडुलिंबाखाली बसायचो. समोर तांब्या, नाहीतर कंदील, नाहीतर त्यांची एक फाटकी वहाण. दोघांनी तेच काढायचं आणि मग कागद बदलायचे. दुसऱ्याच्या चित्रात जिथं चूक दिसेल तिथं कोळशाची बारीक खूण करायची. ज्याचं चित्र त्यानं वाद घालायचा नाही. ती जागा पुसून पुन्हा काढायची. "हुज्जत न्हाय," हा त्यांचा कायदा. "आपली चूक आपल्याला दिसत न्हाय. दिसली असती तर केली असती व्हय?"

माझ्या कागदावर खुणाच खुणा असायच्या. "रेघ लई भितीय तुमची. परक्याच्या घरात शिरल्यावाणी चाललीय. आधी ठरवा, मग ओढा." त्यांच्या कागदावर मला खूण करायला जागा सापडली नाही, की ते खरोखर नाराज व्हायचे. "नीट बघा की! उगंच बसलोय का म्या?"

मला जे काही काढता येतं ते त्या झाडाखाली आलं. नंतर कुणी विचारलं तर मी म्हणायचो, उपजतच होतं. ते खोटं आहे.

पुढं पेंटरांना खोकला लागला. वैद्यांनी सांगितलं, रंगाचा वास सोडा. त्याच सुमारास गावातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरांची जागा निघाली. शिक्षणाची फारशी अट नव्हती, हात बघून घेणार होते. अर्ज आमच्या दोघांचेच. त्यांचा अर्जही मीच लिहिला.

हेडमास्तरांनी स्टुलावर तांब्याची घागर ठेवली आणि आम्हाला शेजारी शेजारी बसवलं. वेळ संपत आली तेव्हा पेंटरांनी सवयीनं कागद उलटा करून बघितला. मग सुलटा केला, हळूच माझ्याकडं वळवला आणि भुवया उचलल्या. कुठं झुकलं?

कुठंच नव्हतं. घागरीचं तोंड असं उतरलं होतं की आत हात घालावा. मी माझ्या कागदाकडं बघितलं आणि डावा पंजा जरासा खाली झुकवला. डावीकडं पडलंय.

त्यांनी पुन्हा घागरीकडं बघितलंसुद्धा नाही. चित्रातलं तोंड पुसलं, नव्यानं काढलं. कागद खरबडला, रेघ फिसकटली, तोंड उजवीकडं कललं. हेडमास्तर म्हणाले, "अंग सुरेख आहे हो, पण तोंडानं घात केला." जागा मला मिळाली.

फाटकाबाहेर पेंटरांनी माझा हात धरला. "वेळंवर दाखवलं तुमी. माझाच हात कमी पडला." आणि खोकत खोकत निघून गेले. पुढच्या जुम्म्याला मी झाडाखाली गेलो नाही. त्यानंतरही नाही.

निजामाचं राज्य गेलं, पाट्या मराठीत आल्या. एका लग्नासाठी उमरग्याला गेलो होतो, तर भांड्यांच्या दुकानापुढं पेंटर बसलेले. गालफडं बसलेली, हातात ब्रश. पत्र्यावर घागर रंगवत होते.

"या मास्तर! तुमची लई याद येती बगा." मग स्वतःहूनच सांगायला लागले. "त्या दिवशी तुमी दाखवलं, तवा कळलं. माझा डोळाच डावीकडं पडतो. तवापासनं घागर काढली की तोंड एवढं उजवीकडं सारतो." दोन बोटांत जरासं अंतर धरून त्यांनी मला दाखवलं. मग पत्रा माझ्याकडं वळवला. "सांगा, कुठं झुकलं?"

तोंड उघड उघड उजवीकडं कललं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे."

"मग हुज्जत न्हाय," ते हसले आणि रंगाचा पुढचा हात द्यायला लागले.

दोन वर्षांनी ते खोकल्यानंच गेले, असं कळलं. मी त्यांच्या खुर्चीवरून पेन्शनीत निघालो.

परवा उमरग्याला गेलो तर ती पाटी अजून तिथंच. दुकान आता तेव्हाच्या मालकाचा मुलगा बघतो. म्हणाला, "वडलांच्या वेळची हाय, म्हणून ठिवलीय. पेंटरचा हात चांगला, पण नजर अधू व्हती म्हणत्यात. बगा की, घागर तिरपी हाय."

मी ड्रॉइंग मास्तर असल्याचं सांगून पाटी खाली काढायला लावली. मांडीवर उलटी धरली आणि बघत बसलो. शेवटी तो वाकून विचारायला लागला, "कुठं झुकलीय, मास्तर?"

"त्या दिवशी कुठंच झुकली नव्हती," मी म्हणालो. "नजर त्यांची चोख होती."

त्यानं पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.